शिळेवरचे वडे

लसणाच्या चटणीचा वास आला की मला किळस येते. न्यू जर्सीत मराठी मंडळाच्या सहलीला आम्ही नौदलाच्या, अवाढव्य फुग्यांसारख्या हवाई जहाजांचं जुनं हँगर पाहायला गेलो होतो. दरवाजेच आठ-दहा मजली, आत गंजाचा आणि पारव्यांच्या विष्ठेचा दर्प. बाहेर, अशाच एका हवाई जहाजाबरोबर समुद्रात कोसळून बुडालेल्या खलाशांच्या नावांची आडवी शिळा होती. मंडळींनी तिच्यावरच बटाटेवड्यांचे ट्रे मांडले. ‘टेबल मस्त मिळालं यार!’ माझा नवरा खास ती नावं वाचायला आला होता. ‘ट्रे जरा उचलता का?’ त्याने विचारलं. ‘काका, आधी गरम वडा तर घ्या!’ सगळे हसले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चटणी लावून वडा खात होते. परवा त्याच्या शोकसभेला तेच ट्रे आले. ‘काकू, कुठे ठेवू?’ ‘ठेवा कुठेही,’ मी म्हणाले, आणि मंडळींनी टेबलावरचा त्याचा फोटो बाजूला सरकवला.