तोवर थांबतील

शांताक्कांचा अर्ज मी लिहून दिला नाही. ही चूक लपवून भरमा ब्रदरबद्दल लिहिणं म्हणजे पुन्हा खोटं बोलणं होईल, म्हणून ती आधी सांगतो.

निपाणीतल्या एका खासगी दवाखान्यात भरमा नर्सचं काम करायचा. सगळे त्याला ब्रदर म्हणत. बुटका, स्वच्छ; चालताना पावलांचा आवाज नाही. पेशंटला हात लावण्याआधी तळवे चोळून गरम करायचा. "गार हात लागला की माणूस भितंय, अण्णा," म्हणायचा.

पेशंट जाणार हे त्याला आधी कळतं, अशी त्याची ख्याती होती. त्याचा घरी फोन यायचा तो भर दिवसा. "घरच्यास्नी घेऊन या. गडबड नगा करू, जेवून या. तोवर थांबतील." आणि खरंच थांबायचे. मुलाच्या हातचं शेवटचं पाणी तोंडात पडायचं. आमच्याकडे ते चुकलं तर जन्मभर सलतं. भरमामुळे ती सल कुणाच्या वाट्याला आली नाही, म्हणून त्याला कसं कळतं हे कुणी विचारलं नाही. तेराव्याच्या जेवणाला पहिलं पान ब्रदरचं.

माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या वेळी मीही जेवून गेलो. आप्पा उशीला टेकून बसले होते. मला बघून म्हणाले, "आज शाळा न्हाय व्हय रं?" भरमानं सलाईनच्या नळीला टिचकी मारली आणि चमचा माझ्या हातात दिला. "घाला. जीभ भिजली की बास. जाताना माणूस एकटं असू नये." अर्ध्या तासात आप्पा गेले. मी भरमाच्या पाया पडलो.

पुढच्याच वर्षी शांताक्कांचा नवरा गेला. त्या आमच्याच गल्लीत विड्या वळायच्या. नवऱ्याला दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते, तेवढ्यात ब्रदरचा फोन आला होता. निपाणी कर्नाटकात, त्यामुळे पोलिसांत द्यायचा अर्ज कन्नडमध्ये असलेला बरा, आणि गल्लीतले कन्नड अर्ज मीच लिहायचो. म्हणून त्या माझ्याकडे आल्या.

"मास्तर, उद्या घरी सोडणार म्हनलेला माणूस आज जाणार, हे त्याला कसं कळलं वो?"

"त्याला कळतं, आक्का."

"मग डाक्टरला का न्हाय कळलं?"

मला राग आला. कट्ट्यावर बसलेल्या सगळ्यांसमोर म्हणालो, "देवमाणसावर आळ घेतीयास. जीभ झडंल तुझी!" बायका हसल्या. एक म्हणाली, "पाणी घालायला मिळालं न्हवं? आणि काय पायजे गं तुला?"

त्यानंतर गल्लीत आणखी दोन घरी फोन आले. दोन्ही घरची माणसं जेवून गेली.

शेवटी एका पेशंटच्या डॉक्टर मुलीनं हट्टानं बापाचं शवविच्छेदन करायला लावलं आणि सलाईनमधून दिलेलं जीवघेणं औषध सापडलं. खटला चालला. खून सिद्ध झाले. निकालाच्या दिवशी ज्यांनी त्याला पहिलं पान वाढलं होतं, त्यांनीच त्याच्या बंद घरावर दगड मारले. "आमाला पयल्यापास्नं संशय हुता," असं जो तो म्हणू लागला. आपल्या घरी आलेल्या फोनबद्दल मात्र कुणी बोलेना. आपलं माणूस आपसूक गेलं, की त्यानं घालवलं? आप्पांचं नाव आरोपपत्रात नाही. जाळलेल्या देहात काय शोधणार? चमचा धरलेला हात तेवढा माझ्याजवळ उरला आहे.

निकाल ऐकायला मी बेळगावला गेलो होतो. पोलीस बाहेर नेत असताना भरमा माझ्यासमोर थांबला. बेड्यांतले तळवे हळूहळू चोळत होता.

"मास्तर, आप्पांना पाणी वेळेत मिळालं न्हवं?" त्यानं प्रेमानं विचारलं.

माझी मान हलली. होकारार्थी. जुन्या सवयीनं, जुन्या उपकारानं. ती हलल्याचं कळलं आणि मी तिथून सरळ बस गाठली.

बसमधून उतरलो तो तडक शांताक्कांच्या दारात गेलो. मांडीवर सूप घेऊन त्या विड्या वळत होत्या. कट्ट्यावर तीच मंडळी होती. वर न बघता त्यांनी विचारलं, "जेवून आलासा काय, मास्तर?"

"न्हाय, आक्का," मी म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुजा अर्ज मी लिवला न्हाय. तू खरं बोलत हुतीस, आणि मी चारचौघांत तुजी जीभ झडंल म्हनलो. माजं चुकलं. त्या दोन घरांतबी आता जातो, आणि हेच सांगतो."