फळ्यावरचा आजचा दिवस

आमच्या पेठेतल्या अभ्यासिकेत परीक्षा कमी आणि किस्से जास्त होतात. परीक्षा पुढे ढकलता येते, किस्सा घडूनच जातो. त्यातले बहुतेक सुहासदादाचे. स्पर्धा परीक्षेचं त्याचं आठवं वर्ष. रोज सकाळी सातला तो फळ्यावर दिनविशेष लिहायचा: घटना, जन्म, मृत्यू. आम्ही वहीत उतरवायचो.

* * *

प्रज्ञा नवीन आली तेव्हा त्यानं नावाआधी जन्मतारीख विचारली.

"चौदा ऑक्टोबर."

"धम्मदीक्षा, छप्पन्न साल. म्हणजे तुझा वाढदिवस कुणी विसरणार नाही."

"दादा, आमच्याकडे तोच विसरतात. सगळे विहारात असतात."

* * *

बारा जुलैला फळ्यावर होतं, 'पानशेत धरण फुटले, १९६१.' अभ्यासिकेचे मालक, ऐंशीच्या घरातले काका, फळ्यासमोर थांबले.

"अहो, एवढंच? आमचं घर, दुकान, धाकटी बहीण, सगळं त्या पाण्यात गेलं."

"काका, एका मार्काला एवढंच लागतं," सुहासदादा म्हणाला.

"बरं. मग आम्हीही यापुढे एका मार्काचंच रडत जाऊ."

मला संताप आला. माणसं बुडाली आणि आम्ही साल पाठ करतोय. तरी मीही ते वहीत उतरवलंच.

* * *

एकदा सुहासदादाच्या आईचा फोन आला. वडिलांना जाऊन वर्ष होत आलं होतं, वर्षश्राद्धासाठी ती नेमकी तारीख विचारत होती.

"थांब, बघून सांगतो," म्हणत त्यानं सवयीनं दिनविशेषांची वही उघडली. 'मृत्यू'च्या रकान्यावरून बोट फिरवत बरीच पानं उलटली. मग वही हळूच मिटली.

* * *

यंदा जाहिरात निघाली, तेव्हा तो वयोमर्यादेच्या अकरा दिवस पुढे गेला होता. आता कधीच बसता येणार नव्हतं. तो म्हणाला, "पानिपत एका दिवसात आटोपलं. मला अकरा मिळाले."

* * *

परीक्षेच्या दिवशी तो आमच्याबरोबर कात्रजच्या केंद्रावर आला. बसमध्ये त्या तारखेचा एक तह, दोन जन्म आणि तीन मृत्यू सांगून झाले. फाटकापाशी आम्ही बॅगा आणि मोबाइल त्याच्याकडे दिले आणि रांगेत शिरलो. तोही आमच्यामागे शिरला.

रखवालदारानं हात आडवा घातला. "हॉल तिकीट?"

"नाहीये."

"मग तुम्ही कोण?"

सुहासदादानं खांद्यावरच्या सहा बॅगांकडे पाहिलं.

"पालक."

"पालकांनी तिकडं झाडाखाली थांबायचं."