कुंपणापाशी उभे राहणारे काका

चर्चमागच्या मैदानावर आमच्या हॉकी संघाचा सराव चाले, तेव्हा ते काका कुंपणाला सायकल टेकवून प्रत्येकाला नावं ठेवायचे. त्यांचं नाव मात्र मी कधी विचारलं नाही.

उपांत्य सामना तोंडावर आला, तसा मी वैतागलो. "काका, म्हणजे आपण हरणार?"

"छ्या! काल एसटीनं देवळालीला जाऊन समोरचा संघ बघून आलो. लई भारी खेळत्यात. पन त्यांच्यावर वरडायला कुंपनाशी कुनीच न्हाई. मग सुधारनार कशे?"

रविवारी आम्ही एका गोलानं हरलो. पोरं माना खाली घालून बाहेर आली. आता काका कुणाला धरतात, म्हणून मी बघत राहिलो. ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुमची चूक न्हाई रं. आज माझाच घसा बसला."