परत सांग

शेजारचे काका विमानतळाच्या टॉवरमधून निवृत्त झालेत. रोज सकाळी मी निफाडच्या शाळेत शिकवायला निघते, तेव्हा ते फाटकाशी उभेच असतात. "चांदोरीच्या पुढे खड्डे आहेत, हळू घे. पेट्रोल येतानाच भर."

मी "हो काका" म्हटलं की स्कूटरचं हँडल धरतात. "हो नको. मी काय सांगितलं ते सांग."

मग मी सगळं परत म्हणते, ते "बरोबर" म्हणतात आणि त्यानंतरच "निघ".

उड्डाणाआधी वैमानिकाने रेडिओवर नुसतं हो म्हटलेलं चालत नाही, म्हणे. टॉवरमधून दिलेली सूचना जशीच्या तशी परत म्हणायची. चुकली तर विमान जागचं हलत नाही. ठीक आहे, पण माझी स्कूटर आहे. यांना माझी काळजी वाटते की ही नुसती खोड आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

परवा त्यांची मुलगी कॅनडाला कायमची निघाली. टॅक्सीच्या खिडकीशी वाकून काका म्हणाले, "पासपोर्ट पर्समध्येच ठेव. पोचल्यावर आधी आईला फोन. जेवण टाळायचं नाही."

तिला लहानपणापासूनची सवय. तिने एका दमात म्हणून दाखवलं.

"परत सांग."

तिने सांगितलं.

"परत सांग."

मी दोन पावलांवर उभी होते. एक शब्दही चुकला नव्हता. मुलगी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली, मी काकांकडे. त्यांचा हात टॅक्सीच्या दारावरच होता.

ड्रायव्हरने विचारलं, "निघू का, बाबा?"

"थांबा," काका म्हणाले, "ती अजून चुकतेय."