अठाईचं पाणी आणि दुकानातलं घड्याळ

धुळ्यात आमचं कापडाचं दुकान खाली, घर वर. त्या पर्युषणात आईनं अठाई धरली. आठ दिवस पोटात अन्नाचा कण नाही, फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्यास्ताच्या आत. सूर्यास्ताची वेळ कॅलेंडरवर छापलेली. पण आत्ता किती वाजलेत ते सांगणारा मी. भाद्रपदाचं आभाळ भरलेलं, त्यात आईला मोतीबिंदू. ती जिन्यातून विचारायची, मी बिलाच्या कॉम्प्युटरवर बघून ओरडायचो.

त्या डब्यावर माझा काडीचा भरवसा नव्हता. आतला सेल गेलेला. लाईट गेली की घड्याळ थांबायचं, आली की थांबल्या जागेवरून चालायचं. नेट आलं तरच ताळ्यावर यायचं. आणि रस्ता खोदल्यापासून नेट आलं तर आलं. केबलवाला म्हणे, "भाऊ, लाईन बठ्ठी चांगली शे!" सगळी चांगली आहे म्हणे! मला तर वाटायचं, समोरच्या दुकानदारानं त्याला फितवलाय. भिंतीवरचं घड्याळ वडिलांनी मुद्दाम पुढे ठेवलेलं. किती पुढे, ते त्यांच्याबरोबरच गेलं. मोबाईलचं आपोआप वेळ लावणं मीच बंद केलं होतं. कंपनीला कशाला माझ्या वेळेची पंचाईत?

सहाव्या संध्याकाळी लाईट जाऊन आली. आईनं विचारलं.

"पी निवांत, अजून वेळ आहे!" मी ओरडलो.

तेवढ्यात नेट आलं आणि डोळ्यांदेखत घड्याळ पुढे सरकलं. अरे देवा, सूर्यास्त होऊन गेला होता! सहा दिवसांची तिची तपश्चर्या माझ्या एका हाकेनं मातीत. धावतच वर गेलो.

आई माळ घेऊन बसलेली, ओठ सुकलेले. शेजारी पेला पालथा.

"प्यायलीस?"

"मी दुपारीच बंद करते पाणी. पहिल्या दिवसापासून."

"का?"

"मला तहान लागेल म्हणून तू वेळ मागे सांगत असशील, असं वाटलं."

"मी? मी खोटं सांगेन?"

"माझ्यासाठी सांगशील."

"मग रोज विचारायचीस कशाला?"

"नाही विचारलं तर तुला वाईट वाटलं असतं."

मला रागही आला आणि रडूही. दुसऱ्या दिवशी सकाळीच नवा सेल बसवून घेतला, भुसावळच्या बहिणीला फोन करून वेळ ताडून पाहिली. अगदी बरोबर होती. संध्याकाळी आईनं विचारलं.

"अजून अर्धा तास आहे, आई! शपथ!"

"बरं रे," ती म्हणाली.

वर जाऊन पाहिलं. पेला पालथाच होता.