रीडिंग चांगलं आलं पाहिजे!

मशीन कधी चुकतच नाही, चुकतो तो माणूस, असं ठरवून बसलेल्यांनी आयुष्यात एकदा तरी ड्रिल हातात धरलंय का? मी धरलं. गिरडजवळच्या एका गिट्टी खदानीत, फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी ड्रिलचा पिस्टन किती हलतो ते मोजायला. चार रविवारांत गोंधळाचे इतके किस्से साचले की रिपोर्ट त्यांच्याखालीच दबला!

*

तिथले ड्रिलर लक्ष्मणकाका. ते म्हणत, मशीनचा पिस्टन अर्ध्यातच अडकतो, सगळा हादरा हातात येतो. एकदा उकळत्या चहाचा ग्लास बधिर मुठीत धरून त्यांनी मला विचारलं, "गरम हाय का व पोरी?"

मुकादम म्हणे, "मशीन टकाटक हाय, म्हाताऱ्यातच दम नाई राह्यला." माझ्या मोजणीत मशीन ठीक निघाली, तर काका घरी!

*

मी मुकादमाला समजावलं. मशीनवर मी तार लावलेलं एक झाकण बसवते; पिस्टनबरोबर एक काटा त्या तारेवर सरकतो, तसा तारेचा रेझिस्टन्स बदलतो. त्यावरून पिस्टन किती हलला ते कळतं.

तो म्हणाला, "मोजाचा पिस्टन अन् मोजता करंट? मंग करंट मोजाचा असला तर काय मोजता, म्याडम?"

*

पहिल्या रविवारी आकडे नुसते नाचत होते. तारेवर पाणी उडत होतं. काकांनी खिशातली तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची प्लास्टिकची पन्नी काढून तारेवर गुंडाळली. आकडे थांबले, पण बॅटरीही संपली!

"खराब आलं काय रीडिंग?" काकांनी विचारलं.

"एकदम खराब! पुढच्या वेळी चांगलं आलंच पाहिजे, नाहीतर माझं काही खरं नाही!"

*

पुढचे तिन्ही रविवार मी यायच्या आत काका खदानीतच ठेवलेलं माझं तारेचं झाकण मशीनवर बसवून तयार. आणि पिस्टन? प्रत्येक ठोक्याला पूर्ण! मी तार बदलली, बॅटरी बदलली, गणित तीनदा केलं. सरांना फोन लावला.

"रिझल्ट उत्तम आहे. प्रॉब्लेम काय?"

"तोच, सर!"

*

शेवटच्या रविवारी प्रिंटआउट हातात घेऊन मी खदानीच्या गेटवर बसले. सोमवारी तो मुकादमाला द्यायचा होता. काका जवळ आले, कागद पाहून हसले. "आलं ना चांगलं?" म्हणाले आणि हात चोळत नळाकडे गेले.

"इतकं चांगलं आलंच कसं?" मी स्वतःशीच पुटपुटले.

चौकीदार म्हणाला, "काऊन नाई येईन, ताई? काका दर रविवारी शेजारच्या खदानीतली नवी मशीन खांद्यावर घेऊन येते ना! म्हणे, आपल्या खटाऱ्यानं पोरीचं रीडिंग खराब होऊन राह्यलं."