डाव्या सीटवरचे आजोबा

बाळांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही म्हणालात, "आजी, खाली जाऊन गाडी दाखव ना," आणि मी नेटवर्क नीट नाही असं सांगून फोन ठेवला. नेटवर्क चांगलं होतं. गाडी नव्हती. तिला आदल्याच आठवड्यात नेलं. तुम्ही डिसेंबरात याल तेव्हा पार्किंगमधली आमची जागा रिकामी दिसेल, आणि आजोबा तुमच्याकडे पाहुण्यांकडे पाहावं तसे पाहतील. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, आणि तो दारात उभं राहून सांगण्यासारखा नाही. म्हणून आत्ताच लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. माझं सगळं शिक्षणही त्याच भाषेत झालं, आणि शाळेत मी शिकवलीही तीच. पण आजोबा जे बोलले ते मराठीत बोलले, आणि त्याचं भाषांतर माझ्याच्याने होत नाही. अडेल तिथे बाबाला विचारा.

ती राखाडी गाडी आम्ही जुनीच घेतली होती. आजोबांनी सगळी नोकरी स्कूटरवर केली. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांना लांब, मागे डिकी असलेली गाडी हवी होती. डिकी नसलेली गाडी म्हणजे अर्धीच गाडी, असं त्यांचं ठाम मत. मखमलाबादकडच्या एका फुलं पिकवणाऱ्या घरात अशी गाडी विकायची आहे असं कळलं, म्हणून आम्ही पाहायला गेलो. मालकाने बोनेटवर हात फिरवला. "लय जीव लावलाय हिला, काका. दसऱ्याला डिकीत झेंडू घालून बाजारात नेला, पण सीटवर पाकळी नाय पडू दिली."

"मग विकता कशाला?" आजोबांनी विचारलं.

"पोट खाली हाय हिचं. आमच्या रस्त्याला घासतं. आता पिकअप घेतली."

ओट्यावर फुलं निवडत बसलेली त्यांची बायको मान वर न करता म्हणाली, "घासतं म्हणून नाय हो काका. पिकअपात बसलं की ह्यांना पुढारी झाल्यावानी वाटतं." सगळे हसले, आणि त्या हसण्यातच सौदा झाला. पुढे कितीतरी दिवस डिकीच्या कडेकपारीतून सुकलेल्या पाकळ्या निघत राहिल्या. मी झाडून काढायची, त्या पुन्हा निघायच्या.

पहिल्याच आठवड्यात तिला त्र्यंबकेश्वरला पूजेला नेलं. गुरुजींनी विचारलं, "नवी गाडी का?" आजोबा म्हणाले, "आम्हाला नवी."

फूलवाल्याने पोटाबद्दल सांगितलं ते खोटं नव्हतं. गंगापूर रोडवर एकही ब्रेकर असा नव्हता की ज्यावर ती घासली नाही. खर्रर्र आवाज आला की आजोबांचा चेहरा असा व्हायचा, जणू त्यांचीच पाठ सोलली. मग त्यांनी एक उपाय काढला. ब्रेकर आला की स्टिअरिंग धरून ते सीटवरून थोडे वर उठायचे, गाडीवरचं वजन कमी व्हावं म्हणून. मी सांगितलं, "अहो, तुम्ही उठलात तरी वजन गाडीतच राहतं." ते म्हणाले, "तू इंग्रजी शिकवलंस, फिजिक्स नाही." तुम्हाला आठवत असेल, सुट्टीत आलात की तुम्ही मागे बसून त्यांची नक्कल करायचात. सीटच्या मधलं हँडरेस्ट पाडून एरवी त्याला देशाची हद्द म्हणून भांडणारे तुम्ही, ब्रेकर आला की एकदम एकजुटीने वर उठायचात.

बाकी जुन्या गाडीची असतात ती सगळी दुखणी तिला होती. शहरात पेट्रोल फार प्यायची. मागच्या दाराची काच पावसाळ्यात वर जायची नाही. कंपनीने ते मॉडेल केव्हाच बंद केलं होतं, त्यामुळे साधा आरसा फुटला तरी सातपूरच्या गॅरेजवाल्याला दहा ठिकाणी फोन करावे लागत. "काका, हिला म्युझियमला देऊन टाका," तो म्हणायचा. आजोबा म्हणायचे, "आधी मला देतील."

आजोबांचं दुखणं पहिल्यांदा दिसलं ते अशोक स्तंभाजवळच्या सिग्नलला. दिवा हिरवा झाला आणि आजोबा हलेनात. मागून हॉर्न वाजायला लागले. मला वाटलं गाडी बंद पडली. पण इंजिन चालू होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठे जायचंय आपल्याला?" आम्ही घरी निघालो होतो. मग ते खाली उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि म्हणाले, "तू चालव." मी निवृत्तीनंतर हौसेने लायसन्स काढलं होतं. तोवर ते त्याची थट्टाच करत, फोटो चांगला आलाय एवढाच त्याचा उपयोग म्हणून. त्या दिवशी मी घामाघूम होऊन, पहिल्या गिअरमध्येच, गाडी घरी आणली. ते डाव्या सीटवर बसले ते कायमचेच.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. बाबाने तुम्हालाही सांगितलं असेल. नाव कळून काही फरक पडला नाही. वर्ष सरलं तशी घरातली एकेक गोष्ट त्यांच्या हातून सुटत गेली, आणि त्यात मीही होते. ते मला "बाई" म्हणायला लागले. अगदी अदबीने. चहा दिला की म्हणायचे, "बाई, तुम्ही कशाला त्रास घेता?" दिवेलागणीला अस्वस्थ व्हायचे. "उशीर झाला. तुमच्या घरचे वाट पाहत असतील." मी म्हणायचे, "हेच माझं घर." ते भिऊन मागे सरायचे. मग मी तसं म्हणणं सोडून दिलं.

पण गाडीत बसले की ते परत यायचे. हे का व्हायचं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. दार लावलं, पट्टा ओढला, आणि गाडी गेटबाहेर पडून आनंदवल्लीच्या दिशेला वळली की शेजारून आवाज यायचा, "अगं, सेकंड टाक. गिअर रडतोय." अगं! घरात दिवसभर मी परकी बाई असायची, आणि तिथे त्यांची बायको. "अगं, त्या रिक्षेच्या मागे लागू नकोस." "अगं, एसी कमी कर, फुकट वाहतोय." "ब्रेकर, ब्रेकर! हळू!" आणि सीटवरून उठायचे. सोमेश्वरपर्यंत जायचं, कधी पुढे धरणाच्या बाजूला, आणि परत. त्यांनी माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवावीत म्हणून मी कधीकधी मुद्दाम क्लच झटक्यात सोडायची. गाडी गचका खायची, ते संतापायचे, आणि मला जेवण गोड लागायचं. त्या गाडीसाठी मी काय काय केलं, ते तुमच्या बाबाला वेडेपणाचंच वाटलं. "आई, नवीन ऑटोमॅटिक घेऊ या," तो सांगायचा. मला नवीन गाडी नको होती. मला ते 'अगं' हवं होतं.

मग गेल्या वर्षीचा दसरा आला. स्कूटर होती तेव्हा दसऱ्याच्या सकाळी ती धुवायचं काम आजोबांचं असायचं. नळाला पाइप लावून, ब्रश घेऊन, इंजिनासकट घासून काढायचे, उन्हात वाळवायचे आणि मग हार घालायचे. गाडी आल्यावर ती धुवायला बाहेर जायची, आणि बोनेट ते गॅरेजवाल्याशिवाय कुणाला उघडू देत नसत. त्या सकाळी मी वर झेंडूचा हार ओवत होते. ते खाली गेले ते मला कळलंच नाही. पूजेचं ताट घेऊन उतरले तर वॉचमन हसत म्हणाला, "आज काकांची तब्येत लय भारी."

बोनेट उघडं होतं. बागेचा पाइप आत सोडलेला होता आणि पाणी इंजिनातून, वायरींवरून, चाकांवरून वाहत खाली जात होतं. आजोबा बाह्या सरसावून उभे होते. कित्येक महिन्यांत मी त्यांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. "बघा बाई," ते म्हणाले, "कशी लख्ख झाली."

मी नळ बंद केला. दुसरं काय करणार? हळदकुंकू वाहिलं, बोनेटवर स्वस्तिक काढलं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. ते आपणहून डाव्या सीटवर जाऊन बसले. मी किल्ली फिरवली. टक् टक् असा आवाज आला आणि थांबला. पुन्हा फिरवली. तेच. शेजारून आवाज आला, "अगं, चोक ओढ ना." चोक स्कूटरला होता. या गाडीला नाही. पण मी डॅशबोर्डखाली हात घालून ओढल्यासारखं केलं, कारण ते माझ्याशी बोलत होते.

त्यानंतर त्यांनी मला अगं म्हटलेलं नाही.

गॅरेजवाल्याने गाडी ओढून नेली, वाळवली, वायरी बदलल्या. इंजिनाचा काँप्युटर गेला म्हणाला. नवीन येत नाही. कुठल्याशा मोडीत काढलेल्या गाडीचा आणून बसवला. त्यावर गाडी सुरू झाली, गेटपर्यंत आली आणि बंद पडली. पुन्हा नेली, पुन्हा आणली. शेवटी तो म्हणाला, "काकू, मी खोटं बोलणार नाही. मला जमत नाही." मी दुसऱ्या गॅरेजला दाखवली. तिथेही तेच.

मग मी रोज संध्याकाळी त्यांना बंद गाडीतच नेऊन बसवायला लागले. मी स्टिअरिंगवर हात ठेवायची. ते बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघायचे आणि मग अदबीने विचारायचे, "बाई, ड्रायव्हर कधी येणार?"

ओळखीच्या एका घरात अगदी तशीच गाडी आहे, रंगही तोच. त्यांनी ती आपुलकीने एका दिवसापुरती दिली. मी आजोबांना घेऊन आनंदवल्लीच्या त्याच रस्त्याला लागले, क्लच झटक्यात सोडला, गचका बसला. ते मांडीवर हात ठेवून पाहुण्यासारखे बसले होते. परत आलो तेव्हा म्हणाले, "छान आहे हो गाडी तुमची." त्या दिवशी मी प्रयत्न सोडले.

सोसायटीला जागा मोकळी हवी होती आणि बाबाही रोज फोन करत होता. मोडीत घेणारे आले. मी डिकी रिकामी करायला गेले तर कोपऱ्यात सुकलेल्या पाकळ्या होत्या. त्या फूलवाल्याच्या की आमच्या दसऱ्याच्या हाराच्या, ते सांगता येईना. मी त्या तशाच राहू दिल्या. आजोबा गॅलरीतून बघत होते. गाडी गेटबाहेर गेल्यावर त्यांनी विचारलं, "कुणाची होती?" मी म्हटलं, "आपली." त्यांनी मान हलवली, जशी आपण एखाद्याचं मन राखायला हलवतो.

तुम्ही याल तेव्हा ते तुम्हाला ओळखतील अशी आशा धरू नका. मीही आता धरत नाही. त्यांच्याजवळ बसा, त्यांनी 'तुम्ही कुणाची मुलं?' विचारलं तर नाव सांगा, रडू नका. ते घाबरतात.

आता दवाखान्यात रिक्षेने जातो. ते माझ्याशी बोलत नाहीत, बाहेरही बघत नाहीत. पण ब्रेकर आला की अजून दांडा धरतात आणि सीटवरून थोडे वर उठतात.